परक्या मुलखातले मास्तर

(बोरी अरब येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या दारव्हा-यवतमाळ पट्ट्यातली शिकलेली मुलं आता पुण्या-मुंबईला थांबत नाहीत. बी.एड. झालेली लेक आखातातल्या शाळेत शिकवायला निघाली की घरात पहिला प्रश्न पगाराचा येतो, दुसरा राहण्या-जेवणाचा. तिसरा सहसा कोणी विचारत नाही. उद्या तिथं लढाई पेटली, दूतावासाचा निरोप आला की ‘निघा’, आणि समोर वर्ग भरलेला असला, तर तिनं काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला आठवतात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते आपल्याला शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे डॉक्टर म्हणून ठाऊक आहेत. मला आज त्यांच्यातला शिक्षक दाखवायचा आहे. जपाननं चीनवर आक्रमण केलं, तेव्हा काँग्रेसनं १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. प्रमुख होते डॉ. अटल. बंगालचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, आणि पाचवे आपल्या नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर. चोळकरांचं नाव आपल्या विदर्भात तरी पोरासोरांच्या तोंडी असायला हवं होतं. ते नाही, याचं मला वाईट वाटतं.

कोटणीस चीनमधल्या येनानहून पुढे आघाडीजवळच्या डोंगराळ भागात गेले. त्यांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथं जखमी सैनिकांवर उपचार करत होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून यांचा मृत्यू झाला, आणि त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी पुढे, १९४१ मध्ये, कोटणीसांवर आली. तिशीतला माणूस, औषधांचा तुटवडा, हत्यारं अपुरी, शत्रू जवळ. अशा वेळी कोणीही म्हणेल की शिकवणं नंतर, आधी जखमी बघा. कोटणीसांनी दोन्ही केलं. ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या मुलांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. बेथ्यून वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलगा झाला, आणि तो काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेपऱ्याच्या आजारानं कोटणीस गेले. वय बत्तीस.

त्यांनी फक्त शस्त्रक्रियाच केल्या असत्या, तर त्या दिवशी सगळं थांबलं असतं. पण चाकू धरायला शिकलेले हात मागे होते. आणीबाणीत परक्या शिक्षकाचं पहिलं कर्तव्य मी हेच मानतो: आपण उद्या नसू हे धरून आजचा धडा शिकवायचा.

मग जे परत आले त्यांचं काय? कोटणीस तिथं असतानाच चोळकर परतले. म्हणून त्यांची सेवा कमी ठरते का? मुळीच नाही. जो राहिला तो शूर आणि जो परतला तो पळपुटा, अशी वाटणी करणाऱ्यांनी चीनमधल्या नानकिंग शहराची हकिगत ऐकावी.

तिथं जिनलिंग नावाचं मुलींचं कॉलेज होतं. १९३७ मध्ये जपानी सैन्य शहराजवळ आलं. प्राचार्या वू यीफांग चिनी होत्या. त्या शहर सोडून गेल्या आणि दूर पश्चिमेला छंगतूमध्ये त्यांनी कॉलेज पुन्हा उभं केलं. मिनी वॉट्रिन या अमेरिकन शिक्षिकेला तिच्या दूतावासानं निघायला सांगितलं, ती निघाली नाही. डिसेंबरमध्ये शहर पडलं, तेव्हा त्या आवारात सुमारे दहा हजार बायका-मुलांनी आसरा घेतला. फाटकात उभी राहून तिनं सैनिकांना अडवलं, जमेल तेवढं अडवलं. रोज डायरी लिहिली, आणि त्या अत्याचारांचा ती डायरी आज पुरावा आहे. आता सांगा, कर्तव्य कोणी केलं? जाऊन शिकवत राहणाऱ्या वूबाईंनी की थांबणाऱ्या वॉट्रिनबाईंनी? दोघींनीही. एकीनं शिक्षण वाचवलं, दुसरीनं जीव वाचवले.

पण एक गोष्ट इथं दडवून चालणार नाही. जे पाहिलं त्यानं वॉट्रिन आतून मोडल्या. १९४० मध्ये त्या अमेरिकेला परतल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. संकटात शिक्षक थांबला म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या संस्थांनी नंतर त्याची काळजी घेतली पाहिजे. थांबण्याचा हट्ट दुसऱ्याकडून तर कधीच धरू नये.

आता उलट बाजू. परदेशी शिक्षक आपल्याकडे असला तर? ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं, देशात आणीबाणी आली आणि हजारो चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेलं गेलं. त्यात कित्येकांचा जन्म इथलाच होता. शांतिनिकेतनात चीना भवन हे चिनी अभ्यासाचं केंद्र उभारणारे चिनी प्राध्यापक तान युन-शान तेव्हा शांतिनिकेतनातच होते. ते १९२८ मध्ये पहिल्यांदा भारतात आले आणि १९८३ मध्ये बोधगयेला वारले. मायदेश आणि कर्मभूमी एकमेकांवर बंदुका रोखतात, तेव्हा अशा माणसावर संशय घेणं फार सोपं असतं. त्यानं कायदा पाळावा, नोंदणी करावी, लष्करी हालचालींपासून लांब राहावं, हे बरोबरच. पण त्याच्या तोंडावळ्यावरून त्याची निष्ठा ठरवायची नाही, ही जबाबदारी यजमान देशाची आहे.

आणि आपल्या लेकरांनी जाताना काय लक्षात ठेवायचं? २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आले. त्यातले कित्येक वाळवंटातून रस्त्यानं अम्मान गाठणारे होते. अशा वाटेवर कागद नसेल तर माणूस अडकतो. पासपोर्ट मालकाच्या कपाटात नव्हे, स्वतःजवळ असावा. गेल्या-गेल्या दूतावासात नाव नोंदवावं. रणगाडे, चौक्या, सैनिक यांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकू नयेत. त्यात कौतुक काहीच नाही आणि तुरुंगात जाण्याची वेळ येऊ शकते. वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या पालकाचा नंबर कागदावर लिहिलेला असावा, कारण नेटवर्क सगळ्यात आधी जातं. निघावंच लागलं, तर हजेरी, गुण, उरलेला अभ्यासक्रम कोणा स्थानिक शिक्षकाच्या हाती द्यावा आणि मुलांना खरं सांगून निघावं. रात्रीतून नाहीसे झालेले मास्तर मुलं विसरत नाहीत.

घरच्यांनाही माझं एक सांगणं आहे. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार यांच्या प्रती इथं घरी ठेवा. आणि संकटाच्या वेळी लेकीचा फोन आला, ‘आई, मुलं आईबापांच्या ताब्यात देईपर्यंत दोन दिवस लागतील’, तर रडून तिला कोंडीत पकडू नका. रस्ता सुरू आहे का, सोबत कोण आहे, दूतावास काय म्हणतो, एवढं विचारा आणि तिचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.