घराचा उपचार



वयात आलेले मूल स्वतःच्या देहाला इजा करून घेते, हे उमगताच घर प्रथम रागावते, मग दार लावून घेते. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना आवारातच तंबूंत राहू दिले. पुढे वेल्लोर आणि बंगळूर येथे कुटुंबासह उपचाराची ही रीत रुजली. पाश्चात्त्य पद्धती मुलाच्या स्वातंत्र्यावर भर देते. आमच्या घरांत आजीवाचून निर्णय होत नाही. तेव्हा आजीलाही बोलवावे, मात्र मुलाशी एकांतात बोलून झाल्यावर. म्हैसुरातील आमची मुले शाळेत इंग्रजी, गल्लीत कानडी आणि आजीपाशी मराठी बोलतात. ती रडतात कोणत्या भाषेत, हे उपचारकाने अवश्य विचारावे. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा उपचार आम्हांस मान्य नाही. राहिली पोलिसांची धास्ती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नामागे तीव्र ताण गृहीत धरते, शिक्षेपासून संरक्षण देते. २०२२पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो, तो क्रमांक मंडळाच्या फलकावर आजच लिहावा, अशी आमची विनंती आहे.