कूपन चालत नाही!
(मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



जेवणाला अजून अवकाश आहे असं दिसतं, म्हणून मला उभं केलंय. विषय साधाच आहे: दुकानात कूपन नाकारतात तेव्हा आत नक्की काय चाललेलं असतं? हसू नका. बाहेर उभ्या असलेल्या निम्म्या गाड्यांत कूपनं सापडतील, पैज लावतो!

कूपनाच्या दोन जाती. एक दुकानाचं स्वतःचं, दुसरं माल बनवणाऱ्या कंपनीचं. पहिल्यात दुकान स्वतःच्या खिशातून सूट देतं. दुसऱ्यात ते कागद गोळा करून क्लिअरिंग हाउसकडे पाठवतं आणि कंपनी त्याला कूपनाची रक्कम अधिक हाताळणीचे बहुधा ८ सेंट देते. म्हणजे दुकानाचं काही जात नाही. विक्रीकरवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून बऱ्याच राज्यांत कंपनीचं कूपन लावलं तरी कर पूर्ण किमतीवर लागतो. दुकानाला पूर्ण पैसे मिळाले असं सरकार धरतं, काउंटरवरचा मॅनेजर मात्र आपण त्याच्या घरचं मागतोय असं बघतो.

त्याची भीती अगदीच खोटी नाही हो. मुदत संपलेलं किंवा झेरॉक्स मारलेलं कूपन घेतलं तर कंपनी पैसे देत नाही, दुकान बुडतं.

पण आमचं कूपन अस्सल होतं. माझी बायको एच-फोर व्हिसावर आहे, तिला नोकरीची परवानगी नाही. रविवारी कात्री घेऊन बसते, कूपनं पाकिटात लावून ठेवते आणि महिन्याच्या शेवटी वाचलेले पैसे मांडून "ही माझी कमाई" म्हणते. डायपरवर ३ डॉलरची दोन कूपनं होती. कॅशियर म्हणाली, सिस्टिम घेत नाही. मॅनेजर आला, पाकिटाकडे बघून हसला आणि म्हणाला, कॉम्प्युटर नाही म्हणतो म्हणजे नाही. मागे रांग. पूर्ण पैसे भरून आम्ही निघालो. गाडीत ती एक शब्द बोलली नाही.

आता कॉम्प्युटरवरच माझं पोट आहे, म्हणून सांगतो, सिस्टिमला स्वतःचं मत नसतं. १९७४ साली ओहायोतल्या ट्रॉय गावी च्युइंगमच्या पुड्यावर पहिला बारकोड वाचला गेला, तेव्हापासून यंत्र फक्त आकडे जुळवतं. जुन्या कूपनांवर माहिती इतकी थोडी असायची की लहान पुड्याचं कूपन मोठ्यावरही चालून जायचं. २०११ च्या सुमारास नवा डेटाबार आला, त्यात मुदत, किती नग घ्यायचे, सगळं बसतं. मात्र कूपनावरचा मालाचा कोड दुकानाच्या फाइलमधल्या कोडशी जुळावा लागतो. ती फाइल कुणी अद्ययावत केली नसेल, तर बरोबर कूपनही परत येतं. अशा वेळी कॅशियरला रक्कम हाताने टाकता येते.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानाचं छापील कूपन धोरण, बिल आणि कूपनं घेऊन आम्ही कस्टमर सर्व्हिसला गेलो. त्या बाईंनी वाचलं, आकडा टाकला, ६ डॉलर परत दिले. बायको म्हणाली, पैशाचं राहू दे, तो हसला का?

कायदा विचाराल तर कंपनीचं कूपन घ्यायलाच हवं असं बंधन दुकानावर सहसा नसतं. स्वतः छापलेलं कूपन विनाकारण नाकारलं, तर ती फसवी जाहिरात म्हणून राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार करता येते. दुकान दिवाळखोरीत गेलं की मात्र खेळ खलास. २०२३ च्या एप्रिलमध्ये बेड बाथ अँड बियाँडने निळी कूपनं घेणं बंद केलं, तेव्हा किती घरांत गठ्ठे पडून होते! गंमत म्हणजे काही दिवस दुसऱ्या दुकानांनीच ती चालवून घेतली.

माझी खरी काळजी पुढची आहे. कागदी कूपनं आटत चालली, सूट फोनमधल्या ॲपवर गेली. सहा महिन्यांसाठी आलेले आपले आईवडील, ज्यांच्याकडे इथला नंबर नाही, तेच दूध जास्त पैसे देऊन घेतात. सॅन डिएगो शहराने २०२५ मध्ये नियम केला की डिजिटल सूट दिली तर तीच कागदावरही द्यायची. आपल्या गावच्या काउन्सिलसमोर हा विषय मांडायला माझ्याबरोबर कोण कोण येतंय, ते जेवताना सांगा. मी श्रीखंडाच्या टेबलापाशी आहे.