एक मोडेम, अनेक संगणक

हैदराबादच्या जुन्या शहरातील देवडीचे महाद्वार एकच असे आणि आत आप्त, आश्रित व नोकरचाकर यांची कितीतरी बिऱ्हाडे नांदत. पत्रावर देवडीचे नाव असले म्हणजे पुरे. ते आत कोणाच्या हाती द्यावयाचे, हे द्वारपाल जाणे. घरातील अनेक संगणकांना एक मोडेम कसा पुरतो, हे उमजण्यास याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे. त्या काळी मोडेम टेलिफोनच्या तारेला जोडावा लागे. संगणकाच्या अंकांचे तो ध्वनीत रूपांतर करी आणि पलीकडून आलेल्या ध्वनीचे पुन्हा अंक करी. तार एकच, मुलगा इंटरनेटवर बसला की टेलिफोन अडला. काचीगुड्यातील वा बरकतपुऱ्यातील एखाद्या मराठी घरी नांदेडहून आजाऱ्याची वार्ता यावयाची असली, तर ती नेमकी त्याच तासाभरात खोळंबे. मग घरात जी बोलाचाली होई, तिच्यात दोष मुलाचा नव्हता आणि वडिलांचाही नव्हता.

पुढे घरात दुसरा संगणक आला आणि निराळाच प्रश्न उभा राहिला. जोडणी घेणाऱ्या घरास पत्ता मिळे तो एकच; आणि जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटीच होते. मे १९९४ मध्ये एगेवांग व फ्रान्सिस या दोघांनी यावर एक तोड मांडली. दाराशी असलेले यंत्र बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीवर घराचा पत्ता घालते, ती कोणत्या संगणकाची होती याची आपल्या वहीत नोंद करते, आणि उत्तर आले की वही पाहून ते ज्याचे त्यास देते. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय घरगुती संगणकातच आली. मात्र थोरल्या भावाचा संगणक द्वारपाल झाला, की तो झोपावयास गेल्यावर धाकट्याचेही इंटरनेट बंद! हे काम स्वतंत्र राउटर करू लागला तेव्हा ही कुरबुर मिटली.

परंतु वाटणीने पाणी वाढत नाही. सेकंदाला ५६ हजार अंकांची तार दोघांत वाटली, तर दोघांनाही निम्मीच. बीएसएनएलने २००५ साली ब्रॉडबँड सुरू केले, तेव्हा टेलिफोन व इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले. पण घरात येणारा प्रवाह मोठा आणि बाहेर जाणारा लहान, ही त्या तारेची रीतच होती. जेथे २०२० पर्यंत अशीच जोडणी होती, तेथे ही रीत त्या वर्षीच्या टाळेबंदीत जाचक ठरली. वडिलांची बैठक, मुलीचा वर्ग आणि मुलाची परीक्षा एकाच वेळी. तिघांचीही चित्रे बाहेर जावयाची, आणि अरुंद वाट तीच. अशा घरी वेळापत्रक भिंतीवर लावणे हाच शहाणपणा होता. ज्यांच्या घरी जोडणीच नव्हती, अशा मुलांसाठी तेलंगण शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून दूरदर्शन व टी-सॅट यांवरून पाठ सुरू केले.

आता जोडणी वेगवान झाली आहे. पण जुन्या हैदराबादी घरांच्या जाड दगडी भिंती बिनतारी लहरींना सहजासहजी वाट देत नाहीत. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. आणि मागच्या खोलीत मूल परीक्षेस बसणार असेल, तर तेथवर सरळ तारच ओढून न्यावी.