गुडघ्याची सुई

उतारवयात गुडघे धरले, की पंगतीत मांडी घालून बसणे सुटते आणि जिन्याची पायरी पायरी मोजावी लागते. अशा वेळी डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडची सुई टोचतात आणि थोड्याच दिवसांत माणूस हिंडूफिरू लागतो. तीन महिन्यांनी दुखणे परतते, मग दुसरी सुई, पुढे तिसरी. अशी वहिवाट पडून जाते. ती हितावह आहे काय?

या औषधाचा आरंभ मोठा नाट्यमय आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक लाभले. पुढे लवकरच फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी त्याच कुळातील हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात टोचण्यास प्रारंभ केला.

परंतु आमवात निराळा आणि सांध्याची झीज निराळी. आमवातात दाह हेच मूळ असते. झिजेत हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, विरत जाते. स्टेरॉइड दाह शमविते; विरलेली गादी ते पुन्हा घडवीत नाही.

उलट, २०१७ साली बोस्टन येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेली माहिती विचार करावयास लावणारी आहे. गुडघे झिजलेल्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर बारा आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड टोचले, उरलेल्यांना नुसते मिठाचे पाणी. दोन वर्षांअखेर दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कूर्चा मात्र स्टेरॉइड घेणाऱ्यांची सरासरी ०.२१ मिलिमीटर झिजली, तर इतरांची ०.१०. एका सुईने काही आठवडे आराम पडतो, हे या प्रयोगाने खोटे ठरत नाही. तो आराम वर्षानुवर्षे टोचून साठविता येत नाही, एवढेच त्यातून दिसते.

२०२० साली दुसऱ्या एका अमेरिकी प्रयोगात १५६ रुग्णांपैकी काहींना सुई, तर काहींना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला. वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते.

दुखणे असह्य झाले असता डॉक्टरांच्या विचाराने एखादी सुई घेण्यात वावगे काही नाही. मधुमेही माणसाने मात्र त्यानंतर काही दिवस रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे. त्या सुईने मिळालेले सुखाचे आठवडे निजून घालवू नयेत. मांडीचे स्नायू बळकट करण्यात आणि अंगावरचा अधिक भार उतरविण्यात ते खर्ची घालावेत.