एका जातीच्या दोन जाती

घोडी आणि गाढव यांच्या संकरापासून खेचर जन्मास येतें, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. खेचर चिवट असतें, डोंगरी वाटेनें ओझें वाहण्यास घोड्याहूनहि सरस ठरतें. पण त्याचा वंश सहसा पुढें चालत नाहीं. याचें कारण त्याच्या शरीराच्या पेशींत आहे. घोड्याच्या पेशींत ६४ गुणसूत्रें असतात, गाढवाच्या पेशींत ६२. दोघांकडून निम्मा निम्मा वांटा घेणार्‍या खेचराच्या पदरीं ६३ पडतात. त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहींत आणि संततीचें बीज तयार होत नाहीं. उलट, मेंढपाळाचा धिप्पाड कुत्रा आणि मांडीवर मावणारें लहानसें कुत्रें यांच्या रूपांत जमीनअस्मानाचें अंतर असलें, तरी त्यांचा संकर झाल्यास पिलांचा वंश खुशाल चालतो.

तेव्हां प्राणिशास्त्रांत जाति ठरते ती केवळ रूपावरून नव्हे. कोणाचा वंश कोणाच्या वंशांत मिसळूं शकतो, हा खरा प्रश्न आहे. अर्न्स्ट मायर या पक्षिशास्त्रज्ञानें १९४२ सालीं हीच व्याख्या प्रतिष्ठित केली. आपसांत प्रजोत्पादन करणारा, आणि त्या बाबतींत इतर समूहांपासून अलग राहणारा जो समूह, ती एक जाति.

व्याख्या सोपी आहे. पण तिच्यांतूनच एक कठीण प्रश्न उभा राहतो. एका जातीच्या दोन जाती होतात तरी कशा? प्रत्येक पिढींत जनुकांमध्यें कांहीं किरकोळ फेरफार होतच असतात. परंतु सर्व प्राणी एकत्र नांदत असतील, तर हे फेरफार एकाच रांजणांत ओतलेल्या पाण्यासारखे एकमेकांत मिसळून जातात. दोन वेगळे रंग हवे असतील, तर रांजणहि दोन हवेत. समुद्र, पर्वत किंवा वाळवंट आड आलें, म्हणजे एकाच जातीचे दोन समूह आपआपल्या वाटेनें बदलूं लागतात. पुरेसा काळ लोटल्यावर ते पुन्हा समोरासमोर आले, तरी एकमेकांस जोडीदार म्हणून ओळखीत नाहींत, किंवा ओळखलें तरी त्यांची संतति टिकत नाहीं.

याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅसिफिक महासागरांतील गॅलॅपॅगोस बेटांवर सांपडतें. दक्षिण अमेरिकेच्या किनार्‍यापासून सुमारे १,००० किलोमीटर दूर असलेल्या या ज्वालामुखी बेटांवर चार्ल्स डार्विन १८३५ सालीं उतरला. तेथें त्यानें चिमणीएवढे कांहीं पक्षी गोळा केले. कोणाची चोंच अडकित्त्यासारखी जाड, तर कोणाची सुईसारखी बारीक. त्यामुळें हे निरनिराळ्या कुळांतील पक्षी असावेत, असें त्याला वाटलें. १८३७ सालीं लंडनमध्यें जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञानें ते तपासले आणि हे सर्व एकाच घराण्यांतील फिंच पक्षी आहेत, असा निर्वाळा दिला. मुख्य भूमीवरून आलेल्या एकाच पूर्वजाच्या वंशजांपासून, बेटाबेटांवर विखुरल्यामुळें, या निरनिराळ्या जाती झाल्या, हें आज जनुकांच्या तपासणीनें निश्चित झालें आहे. या सर्व घडामोडीस लक्षावधि वर्षें लागलीं. मनुष्याला ती प्रत्यक्ष पाहावयास मिळेल, अशी आशा स्वतः डार्विननेंहि बाळगली नव्हती.

ती आशा पीटर व रोझमेरी ग्रँट या पतिपत्नींनीं धरली. १९७३ पासून सुमारे चाळीस वर्षें तीं दोघें दरसाल डॅफ्नी मेजर या ओसाड बेटावर जात राहिलीं. या बेटाचें क्षेत्रफळ जेमतेम एकतृतीयांश चौरस किलोमीटर. तेथील जवळजवळ प्रत्येक फिंच पकडून त्यांनीं त्याची चोंच मोजली, वजन केलें आणि पायांत क्रमांकाचें कडें घालून त्याला सोडून दिलें. कोणाचा बाप कोण आणि कोणाचीं पिलें किती, याची वंशावळ त्यांच्या वहींत उतरूं लागली.

१९७७ सालीं बेटावर भयंकर अवर्षण पडलें. मऊ, बारीक बीं संपून गेलें. उरलीं तीं आपल्याकडील सराट्याच्या भाऊबंदांपैकीं एका वनस्पतीचीं टणक, काटेरी फळें. सराटा ज्याच्या पायांत मोडला असेल, त्याला त्या फळाच्या कणखरपणाची कल्पना सांगावयास नको. हीं फळें फोडणें जाड चोंचीच्या पक्ष्यांनाच साधलें. मध्यम आकाराच्या भूचर फिंचांपैकीं शेंकडा सुमारे ८५ मेले. जगले ते बहुधा मोठ्या चोंचीचे. त्यांच्या पिलांची चोंचहि पहिल्यापेक्षां सरासरीनें जाड निघाली. निसर्गाची निवड एका पिढींत डोळ्यांना दिसली.

पण यावरून नवी जाति झाली, असें म्हणतां येत नाहीं. पुढें त्याच बेटावर मोठ्या चोंचीच्या दुसर्‍या एका जातीचे फिंच येऊन स्थायिक झाले. २००४-०५ च्या दुष्काळांत टणक फळें त्यांनीं फस्त केलीं. तेव्हां मध्यम फिंचांत लहान चोंचीचेच अधिक तगले, आणि चोंचीची सरासरी उलट दिशेनें सरकली. निवडीचा झोंका असा इकडे तिकडे जातो. त्यानें जाति बदलते. परंतु एकीच्या दोन होण्यास वेगळेपणाची भिंत लागते.

ती भिंत कशी उभी राहते, हेंहि याच बेटावर दिसून आलें. १९८१ सालीं डॅफ्नीवर एक अनोळखी तरुण नर येऊन पोहोंचला. स्थानिक फिंचांहून तो बराच वजनदार असून त्याची चोंचहि मोठी होती. त्याच्या कड्याचा क्रमांक ५११०. तो शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या एस्पान्योला बेटावरील निराळ्या जातीचा होता, हें पुढें त्याच्या जनुकांवरून उघडकीस आलें. परतीचा मार्ग त्याला नव्हता. त्यानें स्थानिक मध्यम फिंचाच्या मादीशीं जोडी जमविली, आणि त्यांना पिलें झालीं.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, फिंचाचा नर आपलें गाणें बापापासून शिकतो, आणि मादीहि बालपणीं ऐकलेल्या गाण्यावरूनच जोडीदार पारखते. या पाहुण्याचें गाणें बेटावरील इतरांच्या गाण्याहून वेगळें होतें. त्याच्या मुलांनीं तेंच उचललें. स्थानिक माद्यांना तें गाणें परकें, आणि गाणाराची चोंचहि परकी. परिणाम असा झाला कीं, तिसर्‍या पिढीपर्यंत हे वंशज केवळ आपसांतच जोड्या जमवूं लागले. खेचराच्या बाबतींत आड येते ती गुणसूत्रांची भिंत. येथें भिंत होती ती कानांत आणि डोळ्यांत. शरीरानें संकर अशक्य नव्हता. पण व्यवहारांत तो होत नव्हता, आणि वंश वेगळा राहण्यास तेवढें पुरेसें होतें.

मात्र या नव्या घराण्याचें दैव एका धाग्यावर लोंबकळत होतें. २००३ पासूनच्या दुष्काळांत त्यांपैकीं सारे मेले. उरले ते फक्त एक भाऊ आणि एक बहीण. पाऊस परतला तेव्हां त्या दोघांनींच जोडी केली, आणि त्यांच्यापासून घराणें पुन्हा वाढलें. इतक्या जवळच्या नात्यांत वंश सहसा दुर्बळ होतो. पण हे पक्षी टिकले. त्यांच्या चोंचीची ठेवण बेटावरील कोणत्याच फिंचासारखी नव्हती, त्यामुळें अन्नाच्या बाबतींतहि त्यांना स्वतःची जागा मिळाली. २०१७ सालीं ग्रँट दांपत्यानें स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांतील सहकार्‍यांसह ही हकीकत जनुकांच्या पुराव्यासह प्रसिद्ध केली. ज्या वेगळेपणास शेंकडों पिढ्या लागतात अशी समजूत होती, तें अवघ्या तीन पिढ्यांत घडून आलें होतें.

ही नवी जाति म्हणावयाची काय? शास्त्रज्ञांनीं तिला अद्याप स्वतंत्र नांव दिलेलें नाहीं, आणि हा संयम योग्यच आहे. घराण्याची एकूण संख्या तीसच्या आसपास. एखादा दीर्घ दुष्काळ तिला पुसून टाकील, किंवा एखादी मादी परक्या गाण्याकडे वळून भिंतीला खिंडार पाडील. निसर्गांत अशीं किती घराणीं उदयास येऊन, कोणाच्या वहींत नोंद न होतांच, लयास गेलीं असतील! जाति कायम होते ती वेगळेपणा पुढें शेंकडों पिढ्या टिकला तरच. मग जनुकांतील अंतर वाढत वाढत अशा थरास पोहोंचतें कीं, गाणें विसरलें तरी मीलन फळास येत नाहीं.

घोडा आणि गाढव यांचेहि पूर्वज एके काळीं एकाच कळपांत चरत होते. त्यांची ताटातूट कोणीं पाहिली नाहीं. आपण पाहतों तो तिचा शेवट. डॅफ्नी बेटावर मनुष्यानें पाहिला तो अशाच एका ताटातुटीचा आरंभ. तिचा शेवट काय होईल, हें ठरविणें पावसाच्या आणि त्या मूठभर पांखरांच्या हातीं आहे.