विषाणूचा नकलनवीस

तलाठी मूळ दप्तर कुणाला देत नाही. नक्कल तेवढी देतो. पेशीतही तसेच. डीएनए हे दप्तर, आरएनए ही नक्कल, अन् ती उतरविणारा नकलनवीस म्हणजे आरएनए पॉलिमरेज.

नांदगावकडे कांद्याच्या पातीवर वाळल्या गवताच्या रंगाचे, दोन्ही टोकांना निमुळते डाग दिसले, तर ते ‘आयरिस यलो स्पॉट’ विषाणूचे असू शकतात. नाशिक-जालन्याच्या कांद्यावरील त्याची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. याचे दप्तरच आरएनएचे. पेशीचा नकलनवीस वाचणार डीएनए! म्हणून हा आपला नकलनवीस सोबतच आणतो. तो पेशीच्या नकलांचे शेंडे, जणू सरकारी शिक्केच, तोडून आपल्या नकलांना लावतो. पेशी फसते अन् विषाणूची प्रथिने घडविते.

करपा समजून बुरशीनाशक माराल तर पैसे वाया. हा विषाणू पसरवितात फुलकिडे. पातीच्या बेचक्यात आधी त्यांना शोधा.