नाइटवाल्याची वही



वसंत व्याख्यानमाला म्हटली की साहित्य, इतिहास, अध्यात्म असे विषय कानांवर पडावेत अशी अपेक्षा असते. विमा आणि प्राप्तिकर हा विषय घेऊन आम्ही येथे उभे राहिलो, तेव्हा काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. परंतु हा विषय आपल्या घरचाच आहे, हे थोड्याच वेळात ध्यानात येईल.

हेमलकसा येथून वडसा दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही दिवाळी सरली आणि धान कापून झाले की या बाजूची काही तरुण मुले तिकडची वाट धरतात. वडशाच्या नाटक कंपन्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत होळीच्या सुमारापर्यंत गावोगाव प्रयोग करतात. कोठे मंडई असते, कोठे शंकरपट. धान निघालेल्या बांधीत मंच उभा राहतो आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपते. या झाडीपट्टी रंगभूमीचे एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. पण मंच बांधणारा, दिवे लावणारा, ध्वनिक्षेपक सांभाळणारा, जनरेटर चालवणारा हाही त्याच नाटकाचा माणूस. तो आज एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे आणि हंगाम संपल्यावर लग्नाच्या मांडवात काम करतो. त्याला पगार नाही, ‘नाइट’ मिळते. आजचे आमचे बोलणे त्याच्यासाठी आणि त्याच्या आईबापांसाठी आहे.

हा मनुष्य खांबावरून पडला, किंवा ओल्या जमिनीवर त्याला विजेचा धक्का बसला, तर पुढे काय? कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई देण्याचा कायदा आपल्या देशात १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण कायदा जुना असो वा नवा, पहिला प्रश्न एकच : हा कोणाचा नोकर? एका रात्रीच्या माणसाला येथेच ठेच लागते. आमच्याकडे असा एक तरुण आला होता. कमरेचे हाड मोडलेले. कोणत्या गावी, कोणाच्या नाटकात पडलो, हे तो घडाघडा सांगे. पण दाखवायला एक चिटोरेही नव्हते. कंपनी म्हणाली, आमचा नव्हे, साउंडवाल्याचा. साउंडवाला म्हणाला, हौसेने मदतीला आला होता. अखेर दवाखान्याचा खर्च घरची बैलजोडी विकून भागवावा लागला.

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की, एक वही घाला. तारीख, गाव, कंपनी, ठरलेली नाइट, हाती आलेली रक्कम, राहिलेली बाकी, आणि प्रवास, वायर, दुरुस्ती यांवर झालेला आपला खर्च, एवढे रोज लिहा. ठरलेला बोल फोनवर लिहून मागवा व जपून ठेवा. पैसे शक्य तो बँकेच्या खात्यात घ्या.

कराचे नाव काढले की नवा मनुष्य बिचकतो. बिचकण्याचे कारण नाही. २०२५-२६ या वर्षाच्या नेहमीच्या मिळकतीवर, नव्या करपद्धतीत, १२ लाख रुपयांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य होतो. मात्र उत्पन्न ४ लाखांवर गेले, की कर शून्य असूनही विवरणपत्र भरावे लागते. मोठा आयोजक पैसे देताना काही रक्कम कापून सरकारात भरतो. ती बुडालेली नसते; कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरणाऱ्याला ती परत मिळते. पॅन न देणाऱ्याची कपात २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सेवा देणाऱ्याला जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेल्याखेरीज सामान्यतः लागत नाही.

कोणी म्हणेल, आमचे उत्पन्न ४ लाखांच्या आतच आहे. मग विवरणपत्राची उठाठेव कशाला? त्याचे उत्तर अपघात झाल्यावर मिळते. रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई ठरवताना न्यायाधिकरण विचारते, हा कमावत किती होता? अपघातापूर्वी भरलेली विवरणपत्रे हा तेथे भक्कम पुरावा ठरतो. ती नसली, की पुष्कळदा किमान वेतनाच्या मापाने हिशेब होतो आणि कसबी माणसाचे मोल बिनकसबी मजुराएवढे धरले जाते. कराचा कागद हा अशा वेळी तुमच्या कमाईचा साक्षीदार असतो.

आता विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला अपघाती मृत्यू वा पूर्ण कायमच्या अपंगत्वासाठी २ लाख आणि अंशतः कायमच्या अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होते. मे महिन्यात खात्यात २० रुपये नसले, की संरक्षण तुटते. तेव्हा आजच पासबुक पाहा. जीवनज्योती योजनेत ५० वर्षांच्या आत नाव घातले, तर ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो. दोन्हींत वारसाचे नाव लिहा. अपघात झाल्यास पोलिसांचा पंचनामा आणि दवाखान्याची पहिली चिठ्ठी यांवाचून दावा अडतो. १९७३ पासून चालत आलेल्या येथल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात उपचार घेतले, तरी तेथला कागद चुलीजवळ टाकू नका.

आणखी एक धोका. सामानाच्या टेम्पोत मागे बसून रात्रीचा प्रवास करण्याची पद्धत आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या उतारूची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. टेम्पोत बसण्यापूर्वी हे आठवा, आणि कंपनीकडे उतारूंची गाडी मागा. ही भीक नव्हे. नाइटच्या बोलीतलाच तो एक भाग आहे.

एकट्याने करावयाच्या गोष्टी येथे संपतात. मालक रोज बदलतो म्हणून हक्क मिळत नाहीत, ही अडचण हमालांचीही होती. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. कामगाराची नोंद मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची. मालक बदलला, तरी मंडळ तेच राहते. मंचामागच्या माणसांसाठी असे मंडळ का नसावे? ते मागायला आम्ही जाऊ, तेव्हा सरकार पहिला प्रश्न विचारील : तुम्ही किती जण, आणि काम किती करता? त्याचे उत्तर तुमच्या वह्यांतूनच द्यावे लागेल.

पुढल्या दिवाळीला अजून अवधी आहे. तोवर प्रत्येकाने खाते, पॅन, विमा आणि वही एवढी तयारी करावी, ही विनंती.